भावजयीची सोनोग्राफी

आमच्या गावात मला समोर डॉक्टर म्हणतात आणि माघारी मशीनवाला. माघारचं नाव जास्त खरं आहे. मी कुणाला गोळी लिहून देत नाही, कुणाची नाडी धरत नाही. अंधाऱ्या, थंडगार खोलीत बसतो, माणसाच्या पोटावर जेल लावतो, प्रोब फिरवतो आणि पडद्यावर जे दिसलं ते इंग्रजीत लिहून देतो. छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरला एका मेडिकलच्या दुकानाशेजारी माझं सोनोग्राफी सेंटर आहे. बिडकीनकडचा आमचा अख्खा गोतावळा त्याला आपलंच समजतो. कुणी बस्ता बांधायला शहरात आलं, कुणी कोर्टाच्या तारखेला आलं, की जाता जाता माझ्याकडं डोकावणार. "आलोच हाय तर जरा मशीन लावून बघा ना." काय होतंय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "होत काय नाय, पण बघितल्यालं बरं." मी मुळात चिडका माणूस आहे. बाहेर पंधरा पेशंट ताटकळत बसलेले असताना असल्या धडधाकट पाहुण्यांची पोटं बघायची म्हणजे माझं डोकं फिरायचं. पण बघायचो. गावातला पहिला डॉक्टर म्हणून मिरवायची हौस मलाच होती, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार?

त्याच खोलीत, त्याच टेबलावर मी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला तपासलं आणि माझ्याकडून चूक झाली. "झाली" लिहितानाही मी अंग काढून घेतोय. मी चूक केली. ती बत्तीस वर्षांची होती, दोन लेकरांची आई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

हे नीट कळायचं तर आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भाया म्हणतात. भायासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्यापुढं खुर्चीवर बसायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. शहरात हे सगळं कधीच गेलं. माझी बायको माझ्या थोरल्या चुलत भावाशी राजकारणावरून तावातावानं भांडते आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण गावच्या घरात आई होती, आणि आईच्या घरात रीत होती. भावजय लग्न होऊन आली तेव्हापासूनच्या बारा वर्षांत तिनं मला उद्देशून एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. मी ओसरीवर बसलेलो असलो की चहा आईच्या हातून यायचा. काही विचारायचं असलं तर ती आतून आपल्या मुलीला म्हणायची, "मोठ्या पप्पांना इचार, ताट करू का म्हणावं." मी चार हातांवर बसलेलो असायचो, मला शब्दन् शब्द ऐकू आलेला असायचा, तरी ती पोर निरोप घेऊन यायची आणि माझं उत्तर घेऊन जायची. शहरातल्या मित्रांना मी हे चवीनं सांगायचो. जुनाट आहे म्हणून नाक मुरडायचो, आणि मनातून मला ते आवडायचं. आपला मान कुणी ठेवला तर कुणाला नको असतो?

तिचा मोकळा आवाज मी एकदाच ऐकला. सगळे मिळून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर लेण्यांपाशी उभा राहून मी मुलांना मोठ्या ऐटीत शिल्पांची माहिती देत होतो. तेवढ्यात एका वानरानं मागून येऊन माझ्या हातातला प्रसादाचा पुडा ओढून नेला आणि समोरच्या कठड्यावर बसून तो माझ्याकडं बघत बघत खाल्ला. ती खळखळून हसली. मग तोंडावर पदर धरून हसली, मग पाठमोरी होऊन हसत राहिली. तिचे खांदे हलताना दिसत होते. बारा वर्षांतलं तिचं असं काही माझ्याजवळ आहे ते एवढंच.

तो शनिवार होता, जूनमधला. दुपारी दोनच्या सुमारास भावाचा फोन आला. भाऊ शेती बघतो आणि जोडीला बिडकीनच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. म्हणाला, "भाऊ, हिच्या पोटात सकाळपासून लई दुखतंय. दोनदा उलटी झाली. इथल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं तरी राहीना. त्यो म्हणतोय मोठ्या दवाखान्यात न्या. म्हणलं आधी तुझ्याकडं आणतो."

मी म्हणालो, "आण."

पैठण रोडनं शहरात शिरलं की माझ्या सेंटरपर्यंत वाटेत दोन मोठी हॉस्पिटलं लागतात. तिथं तातडीच्या पेशंटला हात लावायला चार माणसं तयार असतात, रक्त तपासतात, बीपी बघतात, परके असल्यामुळं वाट्टेल ते प्रश्न विचारतात. ती दोन्ही ओलांडून ते तीन वाजता माझ्या दारात आले, कारण मी घरचा होतो.

ती आईच्या दंडाला धरून, वाकून चालत आत आली. मला बघितलं आणि तेवढ्या कळांतही तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. खुर्ची पुढं केली तर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. मी तेव्हा मनात म्हणालो, अजून रीत सांभाळतेय म्हणजे फार काही नसणार.

माझ्या सेंटरची एक पद्धत आहे आणि ती मीच घालून दिलेली आहे. वयात आलेल्या मुलीपासून पन्नाशीच्या बाईपर्यंत कुणीही पोट दुखतं म्हणून आली, की सोबतची माणसं बाहेर काढायची. माझ्याकडं मदतीला एक मावशी आहेत, पंधरा वर्षांपासून. त्या बाईच्या कानाशी जाऊन विचारतात, शेवटची पाळी कधी आली होती. लग्न झालेलं असो नसो, नवरा परगावी असो, ऑपरेशन झालेलं असो, विचारायचंच. शंका आली तर शेजारच्या मेडिकलमधून लघवीच्या तपासणीचं कार्ड आणायचं, पाच मिनिटांत कळतं. लघवीची पिशवी रिकामी असेल तर ओटीपोटातलं धड दिसत नाही, म्हणून पाणी पाजून थांबवायचं. थांबण्यासारखी स्थिती नसेल तर बाईला समजावून, मावशींना शेजारी उभं करून आतून तपासणी करायची. नवीन डॉक्टर शिकायला आले की मी त्यांच्याकडून हे सगळं घोकून घेतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी स्वतः होऊन दाखवला.

मावशी नेहमीप्रमाणं पुढं झाल्या. "सर, विचारून घेऊ का?"

आई म्हणाली, "काय इचारायचंय?"

मी मावशींना म्हणालो, "ऑपरेशन झालंय त्यांचं. राहू द्या, घरचं माणूस आहे."

धाकटा मुलगा झाला त्याच वर्षी तिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यात डबा माझ्या घरून जात होता, त्यामुळं मला ते पक्कं ठाऊक. आणि हेही मला ठाऊक होतं, की ऑपरेशननंतरही एखाद्या बाईला दिवस जातात, आणि गेलेच तर तो गर्भ पिशवीत न रुजता गर्भनळीतच अडकून बसायचा धोका जास्त असतो. नळी ती केवढीशी. ती फाटली की रक्त आतल्या आत पोटात साठत जातं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत मुलांना विचारलेला आहे, आणि उत्तर आलं नाही म्हणून त्यांच्यावर चिडलेलोही आहे. माझं ज्ञान कमी पडलं असतं तर मी आज स्वतःला माफ केलं असतं. माझी जीभ रेटली नाही. भायानं भावजयीला पाळीचं विचारायचं, तेही आईच्या देखत? मावशींनी विचारलं असतं तरी उत्तर माझ्या कानावर पडणारच होतं. तेव्हा मी सगळ्यांची लाज राखली. माझी सगळ्यात आधी.

आईनं तिची साडी सरकवली, जेवढी नाइलाजानं सरकवावी लागते तेवढीच. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. एरवी मी पेशंटच्या चेहऱ्याकडं बघत बघत प्रोब दाबतो. कुठं दाबल्यावर चेहरा आक्रसतो ते पडद्याइतकंच बोलतं. तिच्या चेहऱ्यावर पदर होता आणि मी बघायला गेलोही नाही. पदर बाजूला केला असता तर ओठ पांढरे पडलेले दिसले असते, असं मला आता वाटतं. खात्री नाही. मी बघितलंच नाही तर खात्री कशी असणार?

उजव्या मूत्रपिंडात खडा होता. दोन वर्षांपूर्वी तिला खड्याचा त्रास झाला होता आणि तो मीच शोधला होता. खडा दिसल्याबरोबर मला हायसं वाटलं. मी त्याच्या दोन टोकांवर दोन खुणा ठेवल्या, माप घेतलं, पाच मिलिमीटर, आणि चित्र मशीनमध्ये साठवलं. आमच्या कामात एक खोड फार वाईट असते. दुखण्याला एक कारण सापडलं की डोळा पुढं शोधायचा थांबतो. बाकीचं पोट बघतो आपण, पण बघितल्यासारखं करतो.

तसंच झालं. ओटीपोटावर आलो तर लघवीची पिशवी रिकामी. समोर सगळा आतड्यांचा आणि गॅसचा करडा गोंधळ. गर्भाशयाच्या मागं थोडं काळं दिसलं. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. एवढंसं पाणी अनेक बायकांना महिन्याच्या ठराविक दिवसांत असतंच, त्यात काही नसतं. पण तिच्या महिन्याचा तो कितवा दिवस होता, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ताजं रक्तही पाण्यासारखंच काळं दिसतं. साकळलेलं रक्त तर आतड्यासारखंच करडं दिसतं, नवख्याला फसवतं. मी नवखा नाही. आणखी खाली दाबून, तिरका धरून बघायला हवं होतं. मी दाबलं तशी ती कण्हली, साडी आणखी सरकवावी लागली असती, आणि मी हात उचलला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. गल्लीतल्या अनोळखी बाईला मी वीस मिनिटं दिली असती.

मी प्रोब पुसत होतो तेव्हा ती आईला म्हणाली, "आत्या, त्यांना सांगा, खांद्यात बी कळ येतीय."

मी ऐकलं. आईनं मला सांगायच्या आधीच तिला उत्तर दिलं, "हिरीवरची मोटार जळाल्यापासून दोन दोन हंडे वाहतीस, त्यानं भरलाय खांदा."

पोटात रक्त साठत जाऊन छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो. पहिल्या वर्षाचं पोरही हे सांगेल. मला मोटारीचं पटलं. ती पुन्हा "आत्या" म्हणाली आणि थांबली. आई म्हणाली, "काय गं?" ती काही बोलली नाही. मी खोलीबाहेर पडलो.

बाहेर भाऊ उभाच होता. मी त्याला म्हणालो, "खडा आहे, मागच्यासारखाच. घाबरायचं काही कारण नाही. गोळ्या देतो, पाणी भरपूर पाज. नाही थांबलं तर सोमवारी मोठ्या डॉक्टरला दाखवू." त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "तू बघितलं म्हणजे झालं," म्हणाला. मी चहा मागवला. चहा पिऊन, गोळ्या घेऊन ते गावाकडं निघाले. मी रिपोर्टात खडा ठळक लिहिला, आणि खाली एका ओळीत, ओटीपोटात किंचित द्रव, विशेष नाही.

रविवारी सकाळी सहाला फोन वाजला. ती अंगणात तोंड धुवायला गेली आणि तिथंच कोसळली होती. "अंग गार पडलंय रे भाऊ," तो म्हणत होता. या वेळी मी त्यांना सरळ हॉस्पिटलचा पत्ता दिला आणि गाडी काढली. त्यांच्या आधी पोचलो, दारात उभा राहिलो.

आतल्या तरुण डॉक्टरानं तिला टेबलावर घेतल्या घेतल्या पोटावर प्रोब ठेवला. मी त्याच्या मागं उभा होतो. मी कोण, काय काम करतो हे त्याला ठाऊक नव्हतं. यकृताच्या खाली, प्लीहेच्या भोवती, ओटीपोटात, जिकडं प्रोब जाईल तिकडं काळंच काळं. त्यानं मान वर करून विचारलं, "पाळी चुकली होती का यांची?" आई म्हणाली, "ऑपरेशन झालंय तिचं." तो म्हणाला, "असू दे, तरी विचारतोय." नळीवाटे लघवी काढून त्यानं कार्डावर टाकली. दोन रेघा उमटल्या. मग पळापळ झाली, रक्ताच्या पिशव्या आल्या, स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरकडं धावलं. पोट उघडायच्या आतच तिचं हृदय थांबलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, नळी फुटली होती, रक्तस्राव कालपासूनच चालू असावा. 'कालपासून' या शब्दावर मी मान हलवली, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या कालविषयी बोलत होते.

भाऊ भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. "काय झालं रे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "आतली एक नस फुटली. कुणाला कळण्यासारखं नव्हतं."

मी हे ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर ते खरं ठेवणं सोपं होतं. कागद सगळे इंग्रजीत होते. गावच्या घरात ते वाचणारा मी एकटा.

मातीला गाव लोटलं. लोक म्हणत होते, घरात डॉक्टर असून काय करता, वेळच आली व्हती. भाऊ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "भाऊनं लगेच बघितलं व्हतं हो. त्यानं काय कमी केलं नाय." मी शेजारी हात जोडून बसलेलो असायचो. तेरा दिवस मी हे ऐकलं. लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी वाद घातला असता, तावातावानं घातला असता, माझा स्वभावच तसा आहे. पण तो माझी बाजू घेत होता, आणि त्याच्यापुढं मला बोलता येत नव्हतं. तिची मुलगी येणाऱ्याला पाणी देत होती. मला पाणी द्यायला मात्र ती थेट आली, मधे निरोप सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

सेंटरला परतलो त्या दिवशी मी दार लावून मशीन चालू केलं आणि ते चित्र काढलं. दोन खुणांच्या मध्ये खडा, छान मापलेला. त्याच्या वर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मध्ये, एक बारीक काळी रेघ. निरोगी माणसात तिथं काळं काही नसतं. ती रेघ म्हणजे रक्त होतं. खड्यापासून बोटभर अंतरावर. मीच ते चित्र थांबवलं होतं, मीच साठवलं होतं. त्यानंतर ते मी किती वेळा बघितलं याला हिशोब नाही. कधी वाटायचं, आता पुसून टाकावं. हात व्हायचा नाही. तिचा एक फोटोसुद्धा माझ्याकडं नव्हता, आणि हे होतं.

बायकोला मी सांगितलं, दोन महिन्यांनी. ती शाळेत शिक्षिका आहे, शाळा सेंटरपासून दहा मिनिटांवर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला फोन करायचास. माझ्याशी बोलली असती ती. जावा-जावांत आम्ही काय नाही बोलायचो." मग रडायला लागली आणि म्हणाली, "भावाला सांग." मी म्हणालो, सांगतो. आणि सांगितलं नाही.

फेब्रुवारीत शहरातल्या आम्हा डॉक्टरांची एक बैठक होती. विषय होता तातडीच्या सोनोग्राफीतल्या चुका. मला बोलायला बोलावलं, कारण मी चांगलं बोलतो, हशा पिकवतो. मी नाव-वय झाकून ते चित्र पडद्यावर लावलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, नुकतीच डिग्री घेतलेली, लगेच म्हणाली, "सर, खड्याच्या वर ती काळी रेघ आहे, ते रक्त असेल ना? पेशंटचा खांदा दुखत होता का?" तीन सेकंदही लागले नाहीत तिला. कुणीतरी मागून विचारलं, "पुढं काय झालं पेशंटचं?" मी म्हणालो, "पुढची माहिती मिळाली नाही." टाळ्या वाजल्या. गाडीत येऊन बसलो आणि मोठ्यानं रडलो. पार्किंगचा वॉचमन काचेवर टकटक करून पाणी हवं का विचारून गेला.

त्या रविवारी मी एकटाच गावाकडं गेलो. भाऊ मळ्यात मोसंबीची आळी करत बसला होता. दाढी वाढलेली, आठ महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. मी बांधावर टेकलो. सांगायचं वाक्य गाडीत दहा वेळा घोकलं होतं. तेवढ्यात त्यानंच खुरपं खाली ठेवलं.

"भाऊ, एक इचारू का? येडा म्हणू नको."

"विचार."

"पाळी चुकायचा अन् नस फुटायचा काय संबंध असतो का?"

 मी म्हणालो, "का रे?"

"त्या दिवशी तुझ्याकडं येताना तिनं मला गाडीत सांगितलं व्हतं, हळूच. सव्वा महिना झाला, पाळी आली नाय. भाऊंना तेवढं सांगा म्हणली. मी म्हणलं, तूच सांग. तर म्हणली, भायाला मी कसं सांगू? आई पुढं बसली व्हती. मला बी कसंतरीच वाटलं. ऑपरेशन झाल्याली बाई, आई काय म्हणल, तू काय म्हणशील. मग मीच म्हणलं तिला, सांगायचं काय त्यात? भाऊ मशीन लावणार हाय, मशीनला दिसतंच की समदं." तो हातातलं ढेकूळ फोडत राहिला. "आठ महिने झाले, डोक्यातून जाईना. दाराबाहीरच उभा व्हतो मी. एक शबुद बोललो असतो तर."

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं किंचित हललं. दोष वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं होतं. "काही संबंध नाही" म्हणालो असतो तर तोही सुटला असता आणि मीही. नुसतं "हो, असतो" म्हणून गप्प बसलो असतो तर अर्धं त्याच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो, आणि ते त्यानं मुकाट्यानं जन्मभर वाहिलं असतं. तो तसाच आहे, नाकासमोर चालणारा. मी त्याच्याकडं बघितलं. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की तो आपणहून आईपुढं जाऊन उभा राहायचा.

मी त्याला सगळं सांगितलं. नस नव्हती, गर्भनळी होती. तिला दिवस गेले होते. "तू सांगायला पाहिजे होतंस असं नाही," मी म्हणालो. "विचारणं माझं काम होतं. मी रोज परक्या बायकांना विचारतो. तिला विचारलं नाही, कारण मला लाज वाटली. आणि तू न सांगताही मला दिसलं होतं. पोटात पाणी दिसलं होतं, मी विशेष नाही म्हणून लिहिलं. वरची रेघ मशीनमध्ये आहे अजून. नंतर तुला खोटं सांगितलं तेही मीच."

तो ढेकळाची माती बोटांनी चुरत राहिला. ओरडला असता, अंगावर धावून आला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं विचारलं, "तवाच कळलं असतं तर वाचली असती का?"

"हो."

"नक्की?"

"त्या संध्याकाळी ऑपरेशन झालं असतं तर वाचली असती."

"म्हणजे वेळ किती व्हता आपल्याकडं?"

"दुपारी तीन ते सकाळी सहा," मी म्हणालो. "पंधरा तास."

"पंधरा तास," तो म्हणाला. खुरपं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, हिशोब जुळवून बघावा तसा तो बोलत होता. "घरी आलो तवा साडेपाच झाले असतील. मी म्हणलं, पड जरा. पडली नाय. सांजच्याला समद्यांच्या भाकरी तिनंच केल्या, एका हातानं पोट धरून. मी दोनदा म्हणलं, राहू दे, आई करल." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तर म्हणली, भाऊंनी सोता बघितलंय, काय नाय म्हणलेत. आता कशाला पडायचं?"